रेस बघायला गाडी घेऊन जाताय? पार्किंगवाल्याच्या वहीत मोबाईल नंबर देऊ नका

सरळ मुद्द्यावर येतो. मोटार रेस असो, बैलगाडा शर्यत असो, जत्रा असो नाहीतर गणपतीपुळ्याची अंगारकी असो, रस्त्याच्या कडेला शिट्टी वाजवून गाडी आत घ्यायला लावणारा पोरगा वही पुढं करतो आणि गाडी नंबर, नाव, मोबाईल विचारतो, तेव्हा मोबाईल देऊ नका. पार्किंगचे दोनशे गेले तर जाऊदेत, तेवढं कुठं ना कुठं जातंच, पण त्या वहीमुळं माझ्या मेहुण्याच्या खात्यातून 38,000 रुपये गेले, आणि तेही रेस संपून, धूळ धुवून, सगळे आपापल्या घरी पोचल्यावर. वहीचा आणि पैशाचा काय संबंध असं आम्हालाही आधी वाटलेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रत्नागिरीच्या बाहेर एका सड्यावर डर्ट ट्रॅक करून बाईक आणि फोर बाय फोर जीपची रेस ठेवली होती. सडा नक्की कुठला ते लिहीत नाही, कारण गाववाल्यांचा यात काही दोष नाही आणि आयोजकांचाही नाही, उलट त्यांनी व्यवस्था केलेली होती, ती आमच्यापर्यंत पोचूच दिली नाही ही गोष्ट आहे. सडा म्हणजे वर नुसता जांभ्याचा कातळ, सपाट, मोकळा, समुद्राचा वारा, त्यामुळं ट्रॅक आखायला झकास जागा. पण वर जायचा रस्ता एकच, तोही दोन गाड्या जेमतेम समोरासमोर जातील एवढा आणि दोन्ही बाजूला गडगे. गडगा माहीत नसेल त्यांच्यासाठी, जांभ्याचे चिरे आणि दगड नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत, सिमेंट वगैरे काही नाही. म्हणजे एकदा त्या रस्त्याला लागलात की गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, वळवायला जागा नाही, मागं हॉर्न आणि पुढं धूळ. अशा वेळी गडग्यात एक फट दिसली आणि तिथं उभा राहून कोणी "या या, आत घ्या" म्हणाला की माणूस गाडी आत घालतोच. पोरांनी जागा निवडली होती ती बरोब्बर हा हिशोब करून.

हैदराबादला 2023 च्या फेब्रुवारीत फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक कारची रेस झाली तेव्हा हुसेनसागरच्या कडेचे रस्ते आधीपासूनच बंद करून वाहतूक वळवलेली, आणि लोकांनी शिव्या घातल्या होत्या तेव्हा. चेन्नईला 2024 मध्ये आयलंड ग्राउंडच्या भोवती रात्रीची फॉर्म्युला फोर कार रेस झाली तिथंही रस्ते वळवलेच. शिव्या खाल्ल्या तरी तिथं निदान पोलिसांचं पत्रक असतं, कुठला रस्ता बंद, गाडी कुठं लावायची, सगळं पेपरात येतं. आपल्याकडं सड्यावरच्या रेसला व्हॉट्सअपवर एक पोस्टर फिरतं, त्यावर बक्षिसाची रक्कम, प्रमुख पाहुण्यांचे फोटो, आणि पार्किंगबद्दल एक ओळ, "पार्किंगची सोय आहे". कुठं आहे? ते तिथं गेल्यावर बघा.

मेहुणा कोल्हापूरहून आला होता, आंबा घाट उतरून हातखंब्यावरून थेट माझ्याकडं. कोल्हापूरवाल्यांना रेसिंगचं वेड किती आहे ते सांगायला नको. गाडी माझ्या सासऱ्यांची, एमएच 09 पासिंगची. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. मी त्याला म्हणलं होतं की साळवी स्टॉपवरून रिक्षा करू, पण तो म्हणाला दाजी, कशाला, गाडी आहे की. रिक्षावाल्यांनीही त्या दिवशी सीटमागं काय वाटेल ते सांगायला सुरुवात केलेली, तेव्हा गाडीच बरी वाटली.

तर ती पोरं. फ्लोरोसंट जॅकेट, गळ्यात शिट्टी, एकाच्या हातात ती लाल लाईटची काठी, भर सकाळी. मागं फ्लेक्स, "अधिकृत पार्किंग, रेस प्रेक्षकांसाठी, शटल सेवा मोफत". फ्लेक्सवर रेसच्या पोस्टरवरचाच बाईकवाल्याचा फोटो, म्हणजे पोस्टर डाऊनलोड करून कापून चिकटवलेला. एक म्हणाला, "साहेब पुढं गाड्या सोडत नाहीत, पोलिसांनी बंद केलंय, इथून शटल आहे दर दहा मिनिटाला." रेट दोनशे. छापील कुपन दिलं, त्यावर अनुक्रमांक होता पण कोणाचं नाव नाही, पत्ता नाही, शिक्का नाही. क्यूआर कोड गळ्यातल्या आयकार्डच्या मागं चिकटवलेला. स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते ना कुठल्या मंडळाचं ना ग्रामपंचायतीचं, कुणा एका माणसाचं. मागं पाचसहा गाड्या हॉर्न मारत उभ्या, कोण चौकशी करत बसतोय.

मग वही आली. लाल पुठ्ठ्याची लांब वही, वाण्याकडं असते तसली, रकाने आखलेले. गाडी नंबर, नाव, मोबाईल. कारण काय सांगितलं तर "एकामागं एक गाड्या लावतोय ना, मधली गाडी काढायची झाली तर तुम्हाला फोन करायला". आता हे कारण इतकं पटण्यासारखं आहे की कोणीही नंबर देईल. लग्नाच्या हॉलवर देतो, दवाखान्यात देतो, सोसायटीत वॉचमनकडं देतो. मेहुण्यानं स्वतःचा नंबर सांगितला, पोरानं लिहून घेतला, वर एक मिस कॉल पण दिला खात्री करायला. व्यवस्थित काम!

शटल नव्हतीच. अर्धा तास उन्हात उभं राहून कळलं, मग चालत निघालो. आणि चालत पुढं गेल्यावर काय दिसावं, तर अगदी वर, ट्रॅकच्या अलीकडं, आयोजकांनी चुन्याच्या रेघा मारून मोठं मैदान केलेलं, होमगार्ड उभा, पार्किंग फुकट, आणि निम्मं रिकामं. रस्ता कोणीही बंद केलेला नव्हता. मी त्या होमगार्डला खालच्या पार्किंगबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "खाली आमचं काय नाय." तो तरी जागा सोडून कुठं जाणार बिचारा.

रेसबद्दल काय लिहू, मजा आली. टँकरनं पाणी मारून मारून पण धूळ बसत नव्हती, जीपवाले चिखलाच्या खड्ड्यात अडकत होते, पब्लिक गडग्यावर चढून बसलेलं. ते जाऊदे.

संध्याकाळी खाली आलो तर पोरं गायब, फ्लेक्स गायब, आणि फटीत जागेचे मालक उभे. साठीच्या पुढचे काका, सोबत मुलगा आणि वाडीतली चारपाच माणसं. काका थरथरत होते रागानं. "माझा गडगा कोणी पाडलान? कोणाला विचारून गाड्या घातल्यात हितं?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की ती फट मुळात फट नव्हतीच, पोरांनी पहाटे गडग्याचे दगड काढून गाडी जाईल एवढी वाट केली होती. काका मुलाकडं चिपळूणला गेलेले, कोणी फोन करून सांगितलं तेव्हा आले. जागेत कडेनं काजूची कलमं, आणि मधे कमरेएवढं वाळलेलं गवत, त्या गवतावर आमच्या गाड्या. काका म्हणाले गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो, खाली गवत पेटलं असतं तर सगळा सडा गेला असता, कलमं गेली असती आणि तुमच्या गाड्या पण. खरंय ते, कोकणात दरवर्षी वणव्यात किती बागा जातात ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही कोणीच बोलू शकलो नाही. कुपन दाखवलं तर म्हणाले ते चुलीत घाला.

काकांनी कोणाकडूनही एक पैसा घेतला नाही, हे मुद्दाम लिहितोय. त्यांची अट एकच, गाड्या एकेक करून बाहेर काढा आणि मग सगळ्यांनी मिळून गडगा होता तसा रचून द्या. तर पुण्याचे, कोल्हापूरचे, गोव्याचे असे चाळीसएक लोक अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर जांभ्याचे दगड उचलत होतो. गडगा रचणं वाटतं तेवढं सोपं नाही, मोठा दगड खाली, फटीत बारका, नाहीतर सगळं गडगडतं, वाडीतला एक म्हातारा आम्हाला शिव्या घालत शिकवत होता. पोलीस पाटील येऊन नावं लिहून गेले. कुपनावर पोरांचा फोन नंबर नव्हताच, मेहुण्याला आलेल्या मिस कॉलच्या नंबरवर फोन लावला तर बंद.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. दोनशे गेले, गडगा रचला, घरी जाऊन मच्छी खाल्ली, विषय संपला. पण खरी फसवणूक अजून व्हायचीच होती.

मेहुणा कोल्हापूरला गेल्यावर एका संध्याकाळी त्याचा फोन. "दाजी, आपण गाडी नो पार्किंगला लावल्ती काय हो तिथं?" म्हणलं का रे? तर त्याला व्हॉट्सअपवर मेसेज आलेला, डीपीला सरकारी लोगो, मराठीत, "आपल्या एमएच 09 अमुक अमुक वाहनाने रत्नागिरी येथे नो पार्किंग नियमाचा भंग केला आहे, दंड रु. 500, पुरावा व चलान पाहण्यासाठी खालील फाईल उघडा". गाडीचा नंबर बरोबर, गाव बरोबर, तारीख बरोबर. आणि खाली फाईल, आरटीओ चलान डॉट एपीके. मला फोन करायच्या आधीच त्यानं ती उघडली होती. त्याला कशाला बोल लावू, दुसऱ्याच्या शेतात गाडी घातल्याची टोचणी त्याच्या मनात होतीच, त्यात पाचशेच रुपये, त्याला वाटलं त्या काकांनी नाहीतर पोलीस पाटलांनी तक्रार केली असणार. हे मेसेजवाले कोणालाही मेसेज टाकून नशीब बघतात असं नाही, तुम्ही कुठं आणि कसे गेला होता ते माहीत असताना टाकलेला मेसेज वेगळाच लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एपीके म्हणजे फोटो नाही, पीडीएफ नाही, अख्खं ॲप असतं. उघडलं की फोन विचारतो "अनोळखी ठिकाणचं ॲप इन्स्टॉल करू का", आपण हो म्हणतो, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत परत हो म्हणतो. झालं. तिथून पुढं बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो पण तुम्हाला दिसायच्या आधी त्यांच्याकडं पोचतो. त्यानं ओटीपी कोणाला सांगितला नाही, पिन टाकला नाही, कुठल्या लिंकवर कार्ड नंबर दिला नाही, तरी पैसे गेले. शिवाय त्याच्या व्हॉट्सअपवरून तीच फाईल त्याच्या सगळ्या ग्रुपवर गेली, माझ्या सासरच्या फॅमिली ग्रुपवर पण, नशीब की सासूबाईंना डाऊनलोड करता येत नाही.

आम्ही फोनवर बोलत असतानाच पहिले 20,000 गेले, मग 18,000. मी त्याला म्हणलं फोन ठेव आणि एअरप्लेन मोडवर टाक, वायफाय पण बंद कर, बायकोच्या फोनवरून 1930 लाव. 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन, देशभर एकच नंबर. लगेच लागत नाही कधीकधी, लावत राहायचं. ते बँकेचं नाव, खातं, व्यवहाराचा नंबर, वेळ विचारतात आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथं अडवायचा प्रयत्न करतात. इथं मिनिटं महत्त्वाची, कारण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवून एटीएममधून काढतात. मग बँकेच्या नंबरवर फोन करून खातं, यूपीआय, कार्ड सगळं बंद केलं, आणि रात्रीच सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला आणि शाखेत लेखी. दुसरे 18,000 पुढच्या खात्यात अडवलेत असं कळलंय, ते अजून परत मिळालेले नाहीत. पहिले 20,000 पुढं गेले ते गेलेच.

बँकेचं म्हणणं, तुम्ही स्वतः ॲप घातलंत, आम्ही काय करणार. हे ऐकून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं, त्यात ग्राहकाची चूक नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. म्हणून फोन केला त्याची वेळ, तक्रार नंबर, सगळं लिहून ठेवायचं. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आमचं प्रकरण आत्ता बँकेच्या टेबलावर आहे.

आता वहीचं. मला आधी वाटलं की गाडीच्या नंबरवरून कोणीही मालकाची माहिती काढत असेल, हल्ली काय सांगता येत नाही. पण गाडी सासऱ्यांच्या नावावर. आरसीला मोबाईल सासऱ्यांचा, फास्टॅग सासऱ्यांच्या नंबरवर, इन्शुरन्स त्यांच्याच नंबरवर. सासऱ्यांना काहीच मेसेज आला नाही. खरं चलान असतं तर त्यांच्या फोनवर आलं असतं. ती गाडी आणि मेहुण्याचा नंबर, ही जोडी फक्त एका ठिकाणी एका ओळीत लिहिलेली होती, त्या लाल वहीत. मग त्या रात्री गडगा रचताना ज्यांचे नंबर घेतलेले त्यातल्या एका पुण्याच्या माणसाला मी फोन केला. त्याला पण आलेला, त्याच मजकुराचा, फक्त त्यानं उघडला नाही. त्याच्या बरोबरच्या मित्राला पण. त्या पोरांनीच मेसेज टाकले की वहीचे फोटो पुढं कोणाला विकले ते मला माहीत नाही, पण दोनशे रुपयांसाठी पहाटे उठून कोणी गडगा पाडत नाही असं माझं मत झालंय.

खरं चलान बघायचं तर सोपं आहे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साईटवर स्वतः जायचं, मेसेजमधल्या लिंकवरून नाही, गाडी नंबर टाकायचा आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे. असेल तर दिसेल, फोटोसकट. कुठलाही पोलीस किंवा आरटीओ व्हॉट्सअपवर एपीके पाठवत नाही. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं अँड्रॉइड फोन वापरतात त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअपला, क्रोमला, फाईल मॅनेजरला दिलेली असेल तर काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पार्किंगचं म्हणाल तर, ग्रामपंचायतीची पावती असेल तर त्यावर ग्रामपंचायतीचं नाव, पावती क्रमांक आणि शिक्का असतो. क्यूआर स्कॅन केल्यावर कुणा माणसाचं नाव आलं तर पैसे द्यायच्या आधी विचारा. रस्ता पुढं बंद आहे असं जॅकेटवाला सांगतो तेव्हा खाकीवाला दिसेपर्यंत पुढं जा, बंद असेल तर बॅरिकेड असेलच की. वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. वहीवाला नंबर मागेल तर सरळ नाही म्हणा. हो, आणि काचेमागं डॅशबोर्डवर "अडचण झाल्यास फोन करा" म्हणून नंबरची पाटी ठेवतात ना, ती पण तीच जोडी आहे, खाली गाडीचा नंबर आणि वर मोबाईल, कोणीही जाता जाता फोटो मारेल. मी माझी काढून टाकली. ज्यांना ठेवायचीच आहे त्यांनी निदान बँकेला जोडलेला नंबर तरी ठेवू नये.

एक विनंती आहे. त्या दिवशी त्या काकांच्या जागेत ज्यांनी गाडी लावली होती, आणि नंतर नो पार्किंगच्या चलानचा मेसेज आला, पैसे गेले असोत वा नसोत, त्यांनी तो मेसेज डिलीट करू नका, फक्त त्यातली फाईल तेवढी उघडू नका. मेसेजचा आणि कुपनाचा स्क्रीनशॉट, यूपीआयने दोनशे दिले त्याची पावती आणि ज्या नंबरवरून मिस कॉल आला तो नंबर घेऊन आपापल्या पोलीस स्टेशनला तक्रार द्या आणि त्यात सड्यावरच्या वहीचा उल्लेख करा. आमच्या एकट्याच्या तक्रारीत ते दोनशेचं पार्किंग आणि हे 38,000 वेगवेगळ्या दोन गोष्टी दिसतात, पण दहा जणांनी तेच लिहिलं तर पोलिसांना त्या क्यूआरच्या खात्यापर्यंत जावंच लागेल. कुपन टाकलं असेल तरी चालेल, पेमेंट ॲपच्या हिस्टरीत दोनशेची एन्ट्री असतेच, तारीख टाकून शोधा.